कौतुक सगळे करतात, किट कोणी नेत नाही

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात: वय ४६. वीसेक वर्षं क्रोशाकाम करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी नवशिक्यांसाठी किट काढलं. त्यात लोकर, सुई, भरायला कापूस आणि छापील कृती असते आणि विणून तयार होतो एक हत्ती. प्रदर्शनांत टेबल लावून झालं, चार दुकानांत माल ठेवून झाला, शाळांमध्ये फुकट कार्यशाळा घेऊन झाल्या. शाळेत उत्तम विणणाऱ्या मुलाला बक्षीसही ठेवलं. ‘लोक हत्ती हातात घेतात, किती गोड म्हणतात, फोटो काढतात आणि परत ठेवतात. दुकानातून किट्स धूळ खाऊन परत येतात. शिक्षिका टाळ्या वाजवतात, पण पुन्हा बोलावत नाहीत. मुलगा म्हणतो, रील्स कर. नवरा म्हणतो, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं पुरे झालं. आजकाल कोणाला हाताने काही करायचंच नाही, सगळं आयतं हवं. मला पैशाचं एवढं नाही, पण ही कला लोकांपर्यंत पोहोचावी असं मनापासून वाटतं. घरात १२० किट्स पडून आहेत. मी कुठे चुकतेय, की दिवसच असे आहेत?’ पत्रासोबत त्यांनी एक किट पाठवलं होतं.

प्रिय मैत्रिणी,

उत्तराला उशीर झाला, कारण आधी तुमचा हत्ती विणायला बसले होते. मला क्रोशा येत नाही. म्हणजे तुम्ही शोधताय ते गिऱ्हाईक मीच.

रविवारी दुपारी डबा उघडला. आत गडद निळी लोकर, तीन मिलिमीटरची सुई, कापसाची पुरचुंडी आणि दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांत छापलेला कागद. पहिली ओळ अशी होती: ‘मॅजिक रिंग करून त्यात ६ मु. खां.’ मु. खां. म्हणजे मुका खांब, क्रोशातला एक साधा टाका, हे कागद उलटल्यावर कळलं. मॅजिक रिंग म्हणजे काय, हे कुठेच कळलं नाही. मग मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातल्या बाईंनी बोटाभोवती लोकर कशी घेतली हे दिसायच्या आत त्यांची रिंग तयार होती. तीन वेळा मागे नेऊन पाहिला. निळ्यात निळा टाका दिसेना, म्हणून खिडकीशी जाऊन बसले. चाळीस मिनिटांनी माझ्या हातात एक गाठ होती, आणि तीही सुटेना म्हणून कापावी लागली. कागदावर पुढे धड, डोकं, सोंड, दोन कान, चार पाय आणि मग सगळं शिवून जोडायचं, असं लिहिलं होतं. डबा बंद केला.

त्या क्षणी ‘हे किट अवघड आहे’ असं मला वाटलं नाही. वाटलं ते असं: ‘आपल्या हातात ही कलाच नाही.’

तुमच्या पत्रातलं कोडं मला इथे सुटल्यासारखं वाटतं. नवशिका अडला की दोष स्वतःला देतो. तो तक्रार करत नाही, किट परत आणत नाही, फोन करत नाही. डबा कपाटात वर सारतो आणि पुढच्या वेळी तुमच्या टेबलाशी येऊन ‘किती गोड’ म्हणून निघून जातो. तक्रारी आल्या नाहीत म्हणून किटमध्ये खोट नाही, असं तुम्ही धरून चाललात. ज्यांनी किट नेलं त्यांच्यापैकी किती जणांचा हत्ती पुरा झाला, हे तुम्हाला माहीत आहे का? पत्रात किती उरले ते आहे. हा आकडा कुठे नाही.

‘कोणाला हाताने काही करायचं नाही’ हे वाक्य मी खूप ऐकते. विणणाऱ्यांकडून ऐकते, कुंभारकाम शिकवणाऱ्यांकडून ऐकते, लाकूडकामाचे वर्ग घेणाऱ्यांकडूनही. आपला माल न खपण्याचं ते सर्वांत सोयीचं कारण आहे, कारण त्यात आपल्याला काही बदलावं लागत नाही. पण करायची इच्छाच नसलेला माणूस थांबून हत्ती हातात कशाला घेईल? त्याला इच्छा आहे. भीतीही आहे. टेबलावरचा तो देखणा, घट्ट विणलेला हत्ती तुमचा हात किती बसलाय ते सांगतो. बघणाऱ्याला त्यात स्वतःचा हात दिसत नाही. तुम्ही जितकं सुंदर मांडाल तितकं तो घाबरणार, अशी ही विचित्र गंमत आहे.

मायकेल नॉर्टन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात लोकांना कागदाच्या घड्या घालून बेडूक आणि बगळे करायला सांगितलं होतं. करणाऱ्यांनी आपल्या वेड्यावाकड्या बगळ्याला जवळजवळ तज्ज्ञाच्या बगळ्याइतकी किंमत लावली. बाहेरच्यांना मात्र तोच बगळा कवडीमोल वाटला. स्वतः केलेल्या वस्तूवरचा जीव असा मोठा असतो. पण त्याच अभ्यासात काहींना एक खोका जोडायला देऊन मध्येच थांबवलं होतं, आणि त्या अर्धवट खोक्यावर त्यांचा तसा जीव जडला नाही. छंदाच्या प्रसाराचा अख्खा धंदा मला या दोन निरीक्षणांमध्ये मावलेला दिसतो. वस्तू पुरी झाली तर माणूस तुमचा. अर्ध्यावर राहिली, तर त्याला पुन्हा सुई हातात धरायला लावणं पहिल्यापेक्षा अवघड.

म्हणून पहिली वस्तू एका बैठकीत संपणारी ठेवा. पुस्तकात ठेवायची खूण घ्या: तीसेक साखळ्या आणि त्यावर मुक्या खांबांच्या तीन-चार ओळी. ना रिंग, ना शिवण, ना कापूस. लोकर फिकट आणि जरा जाड, सुई पाच मिलिमीटरच्या आसपासची, म्हणजे टाक्याची भोकं डोळ्यांना दिसतील. आणि साखळी व पहिल्या ओळीतले दहा टाके तुम्हीच घालून, सुई तशीच अडकवून डब्यात ठेवा. उघडणाऱ्याला अकरावा टाका घालायचा असेल, पहिला नव्हे. ही काही माझी युक्ती नाही. द वूबल्स नावाच्या अमेरिकी कंपनीच्या नवशिक्यांच्या किट्समध्ये सुरुवातीचे टाके आधीच विणलेले असतात, आणि त्यांची किट्स विणलेल्या खेळण्यांचीच आहेत. तेव्हा हत्तीवर माझा राग नाही. रिंग तुम्ही विणून दिलीत तर तोही चालेल, पण दुसऱ्या पायरीवर.

कागदाबद्दल दोनच गोष्टी सांगते. ‘मु. खां.’सारखी अक्षरं काढून टाका, प्रत्येक वेळी पूर्ण शब्द लिहा. आणि एक ओळ ठळक छापा: अमेरिकी कृतीत ज्याला ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात त्यालाच ब्रिटिश कृतीत ‘डबल क्रोशे’ म्हणतात, आणि आपला मुका खांब तो हाच. तुम्हाला हे वीस वर्षं पाठ आहे. पण तुमची खूण पुरी करून जो माणूस उत्साहाने इंटरनेटवरून पुढची कृती उतरवून घेईल, त्याची वस्तू भलत्याच मापाची होईल आणि तो पुन्हा स्वतःलाच दोष देईल.

मुलाचं ऐका, पण अर्धं. सराईत हातांचे भरभर चालणारे व्हिडिओ लोक तासन् तास पाहतात. बघण्यातच त्यांची हौस भागते, सुई हातात येतच नाही. त्यापेक्षा त्याला सांगा, तुमचे हात अगदी सावकाश चित्रित कर. ‘दहा टाके होते, नऊच कसे झाले?’ असे अडल्या जागेचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे करा आणि कागदावर नेमक्या त्या ओळीशेजारी क्यूआर कोड छापा. बघणारे कमी मिळतील, पण ते सगळे सुई हातात धरून बसलेले असतील.

आता दुकानदार. त्यांच्यावर तुमचा राग दिसतो. मला तो पटला नाही. ‘विकल्यावर पैसे’ या बोलीवर तुम्ही एकेका दुकानात वीस-वीस डबे ठेवलेत. त्यात त्याचा पैसा अडकलेला नाही, मग तो ते डबे डोळ्यांसमोरच्या फळीवर का ठेवेल? तिथे तो स्वतःचे पैसे घालून आणलेला माल ठेवणार. तुमच्या जागी मी सहाच डबे रोखीने द्यायला बघीन, आणि सांगीन की दोन महिन्यांत खपले नाहीत तर बदलून देते, धूळ लागलेले सुद्धा. सहा डब्यांचे पैसे दिलेला माणूस ते कुठे ठेवतो, बघा.

दुसरं, गिऱ्हाईक विचारतं, ‘हे नवख्याला जमेल का?’ काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ‘माहीत नाही, डब्यावर लिहिलं असेल बघा.’ तिथे विक्री संपली. त्या मुलाला अर्धा तास बसवून त्याच्याकडून एक खूण विणून घ्या आणि तीच, त्याच्या वाकड्या टाक्यांसकट, डब्यांशेजारी टांगा. ‘ही मी केली, पहिल्यांदाच’ एवढं तो बोलला की तुमच्या हत्तीपेक्षा जास्त काम होईल.

आणि तिसरी गोष्ट, जी तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुमच्या डब्यात सगळं आहे. चांगुलपणाने तुम्ही सगळं घातलंत, त्यामुळे किट नेलेल्या माणसाला त्या दुकानात परत यायचं कारणच उरलं नाही. दुकान छंदाच्या वस्तूंवर टिकतं ते परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर: लोकरीचा आणखी एक गुंडा, वेगळा रंग, मोठी सुई. म्हणून त्या दुकानात जी लोकर मिळते तीच डब्यात वापरा, कागदाच्या शेवटी पुढची वस्तू छापा आणि तिला किती लोकर लागेल ते लिहा. मग दुकानदाराशी बोलताना ‘माझं किट ठेवा’ असं म्हणावं लागणार नाही. ‘तुमची लोकर खपवायला मी किट आणलंय’ असं म्हणता येईल. हो, आणि दुकानात ज्या किमतीला डबा आहे त्याहून कमी किमतीला तो प्रदर्शनात विकू नका. दुकानदाराला कळतंच.

शिक्षिकांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे तुम्ही सर्वांत जास्त कष्ट घेतलेत आणि तिथेच सर्वांत जास्त मन दुखावलंय.

तुम्ही गेलात, दोन तास मुलं रमली, बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मनापासूनच्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही नव्हतात. आता हिशेब करा. चाळीस मिनिटांचा तास, चाळीस मुलं, एक बाई. प्रत्येक मूल फक्त एकदाच अडलं आणि बाईंनी एकेक मिनिट दिलं, तर तास संपला. त्यात दोन सुया हरवल्या, एका गुंड्याचा गुंता झाला, आणि बाईंना स्वतःला मुका खांब येत नाही. तुम्हाला पुन्हा न बोलावण्यात कलेचा अनादर नव्हता. त्यांना फक्त पुढचा तास दिसत होता.

स्वीडनमध्ये नेस इथे ओट्टो सालोमोन या शिक्षणतज्ज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हस्तकामाचं शिक्षण उभं केलं, ते मुख्यतः शिक्षकांना शिकवून. देशोदेशीचे शिक्षक तिथे येऊन लाकूडकाम शिकले आणि आपापल्या शाळांत घेऊन गेले. सोप्याकडून अवघडाकडे जायचं आणि प्रत्येक पायरीला वापरता येईल अशी वस्तू हातात आली पाहिजे, हा त्यांचा धडा होता. तुम्ही मुलांसाठी दोन तास देता, त्याऐवजी चार-पाच शिक्षिकांना एका दुपारी बसवा. त्यांना स्वतःला अडू द्या, उसवू द्या. जिथे त्या अडतील तिथेच मुलं अडणार, हे त्यांना तुम्ही न सांगताही कळेल.

लहान वर्गात तर सुईच नको. जाड लोकर आणि बोटांनी घातलेली साखळी पुरे. काही हरवत नाही, काही टोचत नाही, आणि तास संपला तरी साखळी तिथेच धरून ठेवता येते. तासाआधी चार मुलांना शिकवून ठेवायचं, म्हणजे बाईंना पाच जोड हात मिळतात. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताच्या माणसासमोर बसवायचं. समोरचा हात आरशातल्यासारखा दिसतो आणि उलटं करून बघण्याची कसरत वाचते. या बारीकसारीक गोष्टींचं एक पान बाईंच्या हाती द्या. क्रोशाने एकाग्रता वाढते वगैरे छापलेलं रंगीत पत्रक त्यांना नको असतं. ती पत्रकं कुठे जातात ते शिक्षकांच्या खोलीत एकदा डोकावून बघा.

मोठ्या वर्गांच्या बाबतीत मात्र तुमच्या हातात हुकमाचं पान आहे, आणि ते तुम्ही टाकलेलंच नाही. मुक्या खांबांचा सपाट गोल विणताना तुम्ही काय करता? पहिल्या फेरीत सहा, मग बारा, अठरा, चोवीस. दर फेरीला सहा वाढले तर गोल सपाट राहतो. वाढवायचं थांबलात तर त्याची वाटी होते. भरमसाट वाढवलेत तर कडा झालरीसारख्या लहरतात. ती झालर म्हणजे भूमिती आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना ताइमिन्या या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली ‘हायपरबोलिक’ प्रतल, म्हणजे सगळीकडे झालरीसारखा लहरत पसरणारा पृष्ठभाग, क्रोशाने विणून दाखवलं. कागदाची प्रतिकृती हाताळताना फाटायची. विणलेली हाताळता येते, दुमडता येते, आणि रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा जाते हे नेहमीचं गृहीत तिथे कसं मोडतं ते बोटाने दाखवता येतं. पुढे मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी त्याच झालरींपासून २००५ पासून क्रोशाचे प्रवाळ विणवून घ्यायला सुरुवात केली आणि देशोदेशीच्या हजारो हातांनी त्यात भर घातली. हस्तकलेचा तास मागायला गेलात तर वेळापत्रकात जागा नसते. गणिताच्या बाईंकडे वाटी, ताटली आणि झालर असे तीन विणलेले नमुने घेऊन जा. काही बोलू नका, त्यांच्या हातात द्या.

बक्षीस मात्र बंद करा. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, मुळात चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांना ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल’ असं आधी सांगून ते दिलं. एक-दोन आठवड्यांनी त्या मुलांनी आपणहून रंगांच्या पेनांना दिलेला वेळ बाकीच्यांच्या जवळजवळ निम्म्यावर आला होता. शिवाय तुमच्या बक्षिसाने एक मूल खूश होतं, आणि ३९ जणांना आपण विणण्यातले नव्हे हे अधिकृतपणे कळतं.

आता तुमचं ते वाक्य: ‘मला पैशाचं एवढं नाही.’ मग १२० हा आकडा इतका का बोचतोय? रागावू नका. तुम्हाला पैसे हवेत आणि ते हवे असणं ठीक आहे, एवढंच म्हणायचंय. फुकट कार्यशाळेचं आमंत्रण स्वीकारायला शाळेला विचार करावा लागत नाही, म्हणून पुन्हा बोलवायचं की नाही याचाही विचार होत नाही. थोडं का होईना, शुल्क ठेवा. किटची किंमत ठरवताना साखळी घालून ठेवायला लागणारा तुमचा वेळ आणि दुकानदाराचा वाटा आधी वजा करा. मग काही उरत नसेल, तर किट बंद करून फक्त शिक्षिकांना शिकवणं हा पर्याय मला अजिबात कमीपणाचा वाटत नाही. कदाचित तुमचा खरा जीव तिथेच असेल. पत्रात शाळेबद्दल लिहिताना तुमची वाक्यं लांबलीत, दुकानांबद्दल तुटक झालीत.

तिन्ही आघाड्या एकदम लढू नका. आधी दहा अनोळखी माणसांना नवी खूण द्या. मैत्रिणींना नको, त्या खोटं बोलतील. आठवड्याने ‘आवडलं का’ असं न विचारता ‘कुठे थांबलात’ असं विचारा. दहातल्या सात-आठ खुणा पुऱ्या होऊन दिसल्या की मग एक दुकान. शिक्षिकांची दुपार त्यानंतर, आणि तेव्हा त्या पुऱ्या झालेल्या खुणा सोबत न्या. १२० डबे फोडायची घाई नको. त्यातले दहा-बारा उघडा, रिंग आणि पहिल्या दोन फेऱ्या विणून द्या, खूण पुरी केलेल्यांना दुसरी पायरी म्हणून द्या. बाकीची निळी लोकर सराईतांना चालेल, त्यांना अंधारातही टाके दिसतात.

नवऱ्याला सहा महिन्यांची मुदत मागा आणि हिशेबाची वही त्यांच्याकडे सोपवा. लष्कराच्या भाकऱ्या म्हणणाऱ्या माणसाला पिठाचा हिशेब ठेवायला आवडतो.

तुमच्या निळ्या लोकरीचं मी काय केलं, ते राहिलंच. शेजारच्या मुलीने मला साखळी घालून दिली आणि मी सरळ चौकोन विणायला घेतला. पहिल्या ओळीत सतरा टाके होते. चौथ्या ओळीत पंधरा आहेत, आणि एक कडा आत चाललीय. ओळ उलटवताना शेवटचा टाका माझ्या हातून सुटतो, असं ती म्हणते, पण तो शेवटचा टाका नेमका कुठला हे मला अजून दिसत नाही. तेवढं सावकाश, जवळून दाखवणारा तुकडा तुमच्या मुलाने आधी काढला तर मला पाठवा.